मेंदूतील अरुंद रक्तवाहिनी आणि स्टेंट : घाई कशाची करावी, कशाची करू नये



हिशेबपत्रके आणि रुग्णसंख्येचे तक्ते यांच्या जोडीने एखादा वैद्यकीय विषय सोप्या भाषेत मांडावा, असा आपल्या वार्षिक अहवालाचा प्रघात आहे. या वेळी विषय शोधावा लागला नाही. तो रुग्णांच्या नातेवाइकांनीच आमच्या हाती दिला. पक्षाघाताचा रुग्ण दाखल झाला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी बाहेरच्या बाकावरून उठून येतो आणि विचारतो, "डॉक्टरसाहेब, हृदयात स्प्रिंग टाकतात, तशी मेंदूत टाकता येणार नाही का?" विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही एका ज्येष्ठ देणगीदारांनी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला होता : अशा उपचाराची सोय डहाणू-तलासरीच्या रुग्णांसाठी येथेच उभी करावयाची झाल्यास संस्थेने निधी जमवावा काय? दोन्ही प्रश्न कळकळीचे आहेत. त्यांचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

प्रथम एका रुग्णाविषयी. तलासरी तालुक्यातील एका पाड्यावरचे साठीच्या घरातील शेतकरी. सकाळी उठल्यावर त्यांच्या उजव्या हातातून तांब्या निसटला आणि बोलताना शब्द अडखळू लागले. तासाभरात थोडे बरे वाटले. घरच्यांनी "अंगावरून वारं गेलं" असे समजून भगताला दाखविले. तिसऱ्या दिवशी पहाटे हात पुन्हा गेला, तो परत आला नाही. आमच्याकडे आणले तेव्हा सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूस रक्तपुरवठा खुंटल्याची लहानशी खूण होती, रक्तस्राव नव्हता. पुढे वापीला एमआरआय करविला, त्यात डाव्या बाजूची मधली मेंदूधमनी सुमारे ८० टक्के अरुंद झालेली आढळली. मुलगा उंबरगावच्या कारखान्यात कामाला. कुणीतरी त्याला सांगितले होते, की लगेच स्टेंट बसविला तर बाप वाचेल, उशीर केला तर पुढचा झटका जीव घेईल. खर्च काही लाखांत. मुलगा बैलजोडी विकावयास आणि ठेकेदाराकडून उचल घ्यावयास तयार होता. त्याला फक्त आमचा होकार हवा होता.

आम्ही होकार दिला नाही. का दिला नाही, ते पुढे सविस्तर मांडले आहे.

हृदय आणि मेंदू यांत फरक कोठे पडतो

मेंदूला रक्त नेणाऱ्या चार मोठ्या वाहिन्या मानेतून वर जातात आणि कवटीत शिरल्यावर त्यांच्या शाखा होतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि रक्तातील चरबी यांमुळे या वाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षे थर साचत जातो. पन्हाळीत शेवाळ धरावे तसा हा प्रकार वाटतो खरा, पण ती उपमा अर्धीच लागू पडते. शेवाळ खरवडून काढता येते. हा थर भिंतीच्या आत, तिच्या पदरांमध्ये असतो. तो एखाद्या दिवशी फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते, तिचे कण पुढे वाहून जातात किंवा वाहिनीच बंद होते. मेंदूच्या त्या भागास रक्त मिळेनासे झाले, की पक्षाघात होतो.

युरोप-अमेरिकेतील गौरवर्णीय रुग्णांत हा थर मानेतील धमनीत साचण्याचे प्रमाण अधिक, तर आशियाई लोकांत तो कवटीच्या आतील वाहिन्यांत साचण्याचे प्रमाण अधिक दिसते. म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे दुर्मीळ नाही. आपल्या मुलखात त्याचे निदान मात्र दुर्मीळ आहे, कारण साधा सीटी स्कॅन मेंदूतील इजा दाखवितो, अरुंद वाहिनी दाखवीत नाही. त्यासाठी अँजिओग्राफी लागते.

हृदयाच्या वाहिनीत फुगा फुगवून ती रुंद करण्याचा पहिला उपचार आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ साली झुरिच येथे केला, आणि १९८६ साली पहिला हृदय-स्टेंट फ्रान्समध्ये बसविला गेला. आज तालुक्याच्या गावीही स्प्रिंग बसविलेली माणसे भेटतात. साहजिकच लोकांना वाटते, की वाहिनी ती वाहिनी. छातीत जमते ते डोक्यात का जमू नये?

अडचण रचनेतच आहे. हृदयाची वाहिनी हृदयाच्या स्नायूवर टेकलेली असते आणि तिची भिंत जाड असते. कवटीच्या आत शिरताच वाहिनीची भिंत पातळ होते, तिचे बाहेरचे लवचिक आवरण नाहीसे होते आणि ती मेंदूभोवतीच्या पाण्यात जवळजवळ तरंगत असते. ती फाटली तर आवर घालावयास बाहेर काहीच नाही. मधल्या मेंदूधमनीचा व्यास जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर. शिवाय तिच्या अंगावरून केसासारख्या बारीक शाखा थेट मेंदूच्या गाभ्यात जातात आणि हातापायांच्या हालचालींचे संदेश ज्या अरुंद पट्ट्यातून जातात, त्यास त्याच पोसतात. स्टेंट उघडताना भिंतीतील मऊ थर बाजूस दाबला जातो आणि या केशासमान शाखांच्या तोंडात जाऊन बसू शकतो. मोठा रस्ता रुंद करताना बाजूच्या पाड्यांचे रस्ते मातीने बुजावेत, तसे हे होते. मोठी वाहिनी चित्रात सुंदर मोकळी दिसते आणि रुग्णाचा हात कायमचा जातो.

तिसरा धोका ताज्या झटक्याचा. काही तास वा दिवस उपाशी राहिलेल्या मेंदूच्या भागातील सूक्ष्म वाहिन्या नाजूक झालेल्या असतात. तेथे एकदम पूर्ण जोराने रक्त सोडले, की त्या फुटून रक्तस्राव होण्याची भीती असते. त्यातच स्टेंट बसविल्यावर त्यात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी दोन-दोन औषधे द्यावीच लागतात. फुटलेल्या वाहिनीला तीच औषधे घातक ठरतात.

तपासून पाहिल्यावर काय आढळले

हे सारे तर्काने पटते. पण वैद्यकात तर्काला पटलेल्या गोष्टी प्रत्यक्षात खोट्या ठरल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, आणि उलटही. या विषयात एक जुने उदाहरण सांगण्याजोगे आहे. डोक्याच्या कातडीतील वाहिनी कवटीतून आत नेऊन मेंदूच्या वाहिनीस जोडावयाची, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून रक्त पोहोचेल, अशी शस्त्रक्रिया १९७० च्या दशकात मोठ्या उत्साहाने केली जात असे. १९८५ साली १,३७७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निष्कर्ष आला : शस्त्रक्रियेने पुढचे झटके टळत नाहीत. नळकाम उत्तम झाले होते. रुग्णाला त्याचा उपयोग झाला नव्हता.

मेंदूतील अरुंद वाहिनीसाठी बनविलेल्या विंगस्पॅन या स्टेंटला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली मर्यादित वापरासाठी परवानगी दिली. त्यानंतर 'सॅम्प्रिस' नावाची चाचणी हाती घेण्यात आली. डॉ. मार्क शिमोविट्झ हे तिचे प्रमुख होते. वाहिनी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेले आणि मागील ३० दिवसांत झटका किंवा झटक्याची पूर्वसूचना येऊन गेलेले ४५१ रुग्ण तीत घेतले गेले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले. दोन्ही गटांना कसून औषधोपचार दिला : रोज अॅस्पिरिन, पहिले ९० दिवस त्याच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, रक्तदाबाचा वरचा आकडा १४० च्या खाली, मधुमेह असल्यास १३० च्या खाली, घातक कोलेस्टेरॉल ७० च्या खाली, आणि तंबाखू, वजन, व्यायाम यांबाबत नियमित पाठपुरावा. एका गटाला याखेरीज स्टेंटही बसविला. झटका आल्यापासून चाचणीत प्रवेश होईपर्यंतचा मध्यक काळ अवघा ७ दिवसांचा होता. म्हणजे आपल्या रुग्णाच्या मुलाला जी घाई करावयाची होती, जवळजवळ तीच.

एप्रिल २०११ मध्ये चाचणीत नवे रुग्ण घेणे थांबविण्यात आले. पहिल्या ३० दिवसांत स्टेंट बसविलेल्या गटात १४.७ टक्के रुग्णांना पुन्हा झटका आला किंवा मृत्यू आला. केवळ औषधे घेणाऱ्या गटात हे प्रमाण ५.८ टक्के होते. स्टेंट गटातील ३३ झटक्यांपैकी १० मेंदूतील रक्तस्रावाचे होते. पुढील वर्षांतही हा फरक भरून निघाला नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत वेगळ्या घडणीचा, फुग्यावर बसविलेला स्टेंट वापरला होता. तीही अर्ध्यावर थांबवावी लागली, आणि तेथील आकडे याहून वाईट होते.

या आकड्यांचा एक भाग मात्र सहसा दुर्लक्षिला जातो, आणि माझ्या मते तोच आपल्या रुग्णालयाच्या कामाचा आहे. औषधगटाचा निकाल अपेक्षेहून फार चांगला लागला. तत्पूर्वीच्या अनुभवावरून अशा रुग्णांना वर्षभरात पुन्हा झटका येण्याचे प्रमाण याच्या दुप्पट असेल, असा संशोधकांचा अंदाज होता. स्टेंट हरला हे खरे. पण त्याला हरविणारे औषध नवे नव्हते. कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या, आज काही रुपयांत येणाऱ्या गोळ्याच त्या, फक्त कुणीतरी त्या रोज घेतल्या जातात की नाही हे पाहत होते.

त्यानंतर वैद्यकविश्व थोडे सावध आणि थोडे शहाणे झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली नियम कडक केले : औषधे नीट चालू असतानाही एकाहून अधिक झटके आलेल्या, आणि शेवटच्या झटक्याला ७ दिवसांहून अधिक काळ लोटलेल्या रुग्णांनाच हा स्टेंट बसवावा. हे नियम पाळून, अनुभवी हातांनी केलेल्या १५२ रुग्णांच्या नोंदी २०१९ साली प्रसिद्ध झाल्या, तेव्हा पहिल्या तीन दिवसांतील झटका वा मृत्यू केवळ चार जणांत, म्हणजे २.६ टक्के, आढळला. चीनमध्ये झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झटक्यानंतर तीन आठवडे थांबून मगच स्टेंट बसविला. त्यात पूर्वीसारखी हानी झाली नाही, पण लाभही दिसला नाही. दोन्ही गट ८.० आणि ७.२ टक्के असे जवळजवळ बरोबरीत राहिले.

थांबल्याने धोका कमी होतो, एवढे यावरून दिसते. पण येथे एक पेच आहे, तो लपविता कामा नये. झटक्यानंतरचे पहिले काही दिवस हेच पुढच्या झटक्याच्या दृष्टीनेही सर्वांत धोक्याचे असतात. स्टेंटसाठी थांबावे म्हणजे त्या दिवसांत स्वस्थ बसावे, असा अर्थ होत नाही. त्या दिवसांत दोन गोळ्यांचा उपचार हाच बचाव. २०१३ साली चीनमधील ५,१७० रुग्णांच्या चाचणीत सौम्य झटक्यानंतर २४ तासांच्या आत अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही जोडी सुरू केली, तेव्हा ९० दिवसांतील पुन्हा येणाऱ्या झटक्यांचे प्रमाण ११.७ वरून ८.२ टक्क्यांवर आले. घाई करावयाची ती येथे.

फुग्याची नवी वार्ता

२०२४ साली चीनमधूनच एक निराळी वार्ता आली. 'बेसिस' या चाचणीत स्टेंट न ठेवता केवळ लहान फुगा, वाहिनीच्या पूर्ण व्यासापेक्षा कमी मापाचा, अगदी सावकाश फुगवून वाहिनी थोडीशीच मोकळी केली. झटक्यानंतर निदान १४ दिवस थांबून. ५०१ रुग्णांच्या या चाचणीत वर्षभरात ठरविलेल्या दुष्परिणामांचे प्रमाण फुग्याच्या गटात ४.४ टक्के, तर केवळ औषधांच्या गटात १३.५ टक्के आढळले. सुरुवातीच्या ३० दिवसांतील झटका वा मृत्यूचे प्रमाण मात्र फुग्याच्या गटात ३.२ आणि औषधगटात १.६ टक्के होते. ही आशादायक गोष्ट आहे. (फुगे बनविणाऱ्या डहाणूकरांना तिचे विशेष कौतुक वाटावयास हरकत नाही.) तरीही सावधगिरीने सांगावेसे वाटते, की हे काम निवडक केंद्रांत निष्णात हातांनी केले होते, आणि मोजलेल्या दुष्परिणामांत नंतर वाहिनी पुन्हा उघडावी लागण्याचाही समावेश होता. इतर देशांत असाच निकाल मिळतो काय, ते पाहावे लागेल. औषधे नीट घेऊनही दुसरा झटका आला, तर अशा रुग्णास मुंबईच्या मोठ्या केंद्रात पाठवून या पर्यायाचा विचार करण्याची आमची तयारी आहे. पहिल्याच झटक्यानंतर, पहिल्याच आठवड्यात नव्हे.

जेथे खरोखर घड्याळाशी शर्यत असते

आता दोन गोष्टींची गल्लत दूर करावयास हवी, कारण ती सुशिक्षित मंडळींतही आढळते.

पहिली, मानेतील धमनी. ती ७० टक्क्यांहून अधिक अरुंद असेल आणि तिच्यामुळे झटका आला असेल, तर शस्त्रक्रियेने ती साफ करण्याचा लाभ १९९१ सालीच सिद्ध झाला आहे, आणि तो शक्यतो दोन आठवड्यांच्या आत केल्यास अधिक. काही रुग्णांत तेथे स्टेंटही बसवितात. मान आणि मेंदू यांत बोटभर अंतर असले, तरी उपचाराचे गणित उलटे आहे. म्हणून अहवालातील "धमनी अरुंद" एवढेच वाचून निर्णय घेऊ नये. कोणती, हे विचारावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. झटका चालू असताना, म्हणजे गुठळीने वाहिनी नुकतीच बंद झालेली असताना, ती उघडणे हा वेगळा उपचार आहे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत देता येते. त्याचा लाभ प्रथम १९९५ साली तीन तासांपर्यंत आणि मग २००८ साली साडेचार तासांपर्यंत सिद्ध झाला. मोठी वाहिनी बंद असल्यास जांघेतून वा मनगटातून बारीक नळी नेऊन गुठळी ओढून काढतात. २०१५ सालच्या चाचण्यांनी हा उपचार प्रस्थापित केला, आणि निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंतही उपयोगी पडतो, हे २०१८ साली दिसून आले. मोठी वाहिनी बंद पडल्यापासून दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा एक अंदाज २००६ साली मांडला गेला. गुठळी काढल्यावर त्याच जागी मूळचा अरुंद भाग निघाला आणि वाहिनी डोळ्यांदेखत पुन्हा बंद होऊ लागली, तर डॉक्टर नाइलाजाने तेथे स्टेंट ठेवतात. तोही सरसकट लाभदायक नाही, असेच २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चिनी चाचणीने दाखविले. परंतु त्या टेबलावरील निर्णय त्या डॉक्टरांचा, त्याची तुलना आठवडाभराने सवडीने बसवावयाच्या स्टेंटशी करू नये.

हे साडेचार तास आपल्या भागात कसे खर्च होतात, ते आपण सारे जाणतो. पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत माणसाला झोळीत वा दुचाकीवर मध्ये बसवून आणावयाचे. मग जीप किंवा १०८ ची रुग्णवाहिका. कासा, तलासरी वा डहाणूच्या सरकारी रुग्णालयात पोहोचल्यावर पुढे कोठे, हा विचार : महामार्गाने उत्तरेस वापी-वलसाड, पलीकडे सिल्वासा, की दक्षिणेस मुंबई. मुंबई सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. वसई-घोडबंदरच्या वाहनकोंडीत हे अंतर किती तासांचे होईल, ते कुणी सांगू शकत नाही. समुद्रावर असलेल्या खलाशाला झटका आला, तर हिशेब तासांचा राहतच नाही.

म्हणून कुटुंबीयांसाठी काही साध्या गोष्टी पुन्हा सांगतो. तोंड एका बाजूस वाकडे होणे, एक हात वर न राहणे, बोली बोबडी होणे, यांपैकी एक जरी अचानक घडले, तरी घड्याळात पाहावे आणि माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लक्षात ठेवावी; उपचार त्या वेळेवरून ठरतो. थोड्या वेळात बरे वाटले तरी यावे, किंबहुना तेव्हाच यावे, कारण वर वर्णिलेल्या शेतकऱ्याप्रमाणे पहिला झटका पुष्कळदा पूर्वसूचना असतो. वाटेत पाणी, चहा, काढा पाजू नये. गिळता न आल्यास तो छातीत जातो. आणि सीटी स्कॅन होईपर्यंत घरच्या घरी अॅस्पिरिनची गोळी देऊ नये. छातीत दुखल्यावर ती देतात हे ऐकून काही जण देतात, परंतु झटका रक्तस्रावाचा असल्यास ती विष ठरते. भगताला विचारावयाचे असेल तर जरूर विचारावे, त्यास आमचा विरोध नाही. त्यांनाच गाडीत घालून सोबत आणावे, एवढी विनंती. काही भगत मंडळी आता स्वतःहून रुग्ण पाठवितात, हे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

तरुण रुग्ण आणि सिकल सेल

वारली, कोकणा व इतर आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकल सेल या रक्तविकाराचा येथे वेगळा उल्लेख करावा लागतो. या विकारात लहान वयातही मेंदूच्या तळाशी असलेल्या वाहिन्या अरुंद होऊ शकतात आणि शाळकरी मुलाला पक्षाघात होऊ शकतो. ही अरुंदता चरबीच्या थराने झालेली नसते. तेथे स्टेंटचा विचार योग्य नाही. कपाळाच्या बाजूने ध्वनिलहरी सोडून मेंदूतील रक्ताचा वेग मोजता येतो, आणि तो धोक्याच्या पातळीवर असलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यास पहिला झटका टळतो, हे १९९८ साली सिद्ध झाले. हायड्रॉक्सियुरिया हे औषधही उपयोगी पडते. पश्चिम भारतातील सिकल सेल आफ्रिकेतल्यापेक्षा बहुधा सौम्य असतो, हे सुदैव. तरी चाळिशीच्या आतील प्रत्येक पक्षाघाताच्या रुग्णाची, विशेषतः आदिवासी कुटुंबातील, सिकल सेलसाठी तपासणी आम्ही करतोच. जुलै २०२३ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या सिकल सेल निर्मूलन मोहिमेतील कार्ड ज्यांच्याकडे असेल, त्यांनी ते रुग्णालयात येताना जरूर आणावे.

निधी कशासाठी

आता देणगीदार महोदयांच्या प्रश्नाकडे वळतो. मेंदूतील वाहिन्यांत स्टेंट बसविण्याची सोय येथे उभारावी काय? माझे नम्र मत नकारार्थी आहे. यंत्र विकत घेता येईल. परंतु वर्षातून मोजक्याच वेळा असे काम करणारे हात त्यात पारंगत राहू शकत नाहीत, आणि या उपचारात हातांचा सराव हाच निर्णायक ठरतो. ज्या थोड्या रुग्णांना त्याची खरी गरज आहे, त्यांना मुंबईस पाठविणे अधिक हिताचे. तेथील धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवण्याचे बंधन आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचाही आधार मिळू शकतो. परराज्यातील रुग्णालयात जाण्यापूर्वी मात्र तेथे कोणती योजना लागू आहे, याची चौकशी आधीच करावी. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घरी विसरल्यामुळे परत यावे लागलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार आहे, ही समजूत आपल्याच राज्यात खोटी ठरली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी दोन वर्षांतील मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झालेले आढळले. मृत्यूचे ते सर्वांत मोठे कारण होते, आणि त्यांतील बहुसंख्य माणसे घरीच दगावली होती. डहाणू-तलासरीतील पाडे गडचिरोलीहून फार निराळे असतील, असे मला वाटत नाही. सुकी मासळी, मीठ-मिरची, तंबाखू आणि कधीही न मोजलेला रक्तदाब, हे सारे येथेही आहे.

तेव्हा निधी लागणार आहे तो गोळ्यांसाठी, रक्तदाब मोजण्याच्या यंत्रांसाठी आणि त्या गोळ्यांचा पाठपुरावा करणाऱ्या माणसांसाठी. हे काम छायाचित्रात उठून दिसत नाही, त्याच्या उद्घाटनाची कोनशिलाही बसविता येत नाही, याची मला जाणीव आहे. पण ९० दिवस दोन गोळ्या हे वाक्य लिहिणे सोपे आहे. भात कापून झाला, दिवाळी आटोपली, की आपल्याकडील कुटुंबे वीटभट्टीवर, बांधकामावर, गुजरातच्या बंदरांत बोटींवर निघून जातात. महिन्याची पुडी संपते आणि तेथे कोणत्या गोळ्या मागावयाच्या, हे माहीत नसते. अॅस्पिरिन एकवेळ चालू राहते. रक्तदाबाची गोळी "आता बरं वाटतं" म्हणून पहिली सुटते.

त्या तलासरीच्या शेतकऱ्यांच्या बाबतीतही हेच झाले. बैल विकले नाहीत. दोन गोळ्या, रक्तदाबाची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी आणि तंबाखू बंद, यांवर ते घरी गेले. दीड महिना सारे नीट चालले. मग मुलगा रात्रपाळीला गेला, सून माहेरी गेली, आणि तपासणीची तारीख चुकली. आमचा आरोग्यसेवक पाड्यावर गेला तेव्हा रक्तदाब १८० होता आणि गोळ्यांची पाकिटे आढ्याला टांगलेल्या पिशवीत तशीच होती. त्यांना वाचता येत नसल्याने कोणती गोळी केव्हा, हे त्यांना समजले नव्हते, आणि विचारण्याचा संकोच वाटला होता. ही चूक त्यांची म्हणता येणार नाही. समजावून सांगताना आम्ही मुलाशी बोललो, त्यांच्याशी नाही.

त्यानंतर कार्डाची पद्धत बदलली. आता कार्डावर सूर्य आणि चंद्र यांची चित्रे छापली आहेत आणि त्यांच्यापुढे प्रत्येक गोळीचे रिकामे पाकीटच चिकटवून देतो. मागच्या बाजूस औषधांची नावे मराठीत आणि गुजरातीत लिहिलेली असतात, म्हणजे वेरावळच्या किंवा सुरतच्या दुकानातही ती दाखविता यावीत. स्थलांतराला निघणाऱ्या रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्यास विश्वस्त मंडळाने मान्यता दिली आहे. यंदा भातकापणी सुरू होण्याआधी जुन्या रुग्णांच्या याद्या पाडानिहाय काढून ही कार्डे वाटावयाची आहेत, आणि त्या कामी दोन चाकांचे वाहन असलेल्या स्वयंसेवकांची आवश्यकता आहे.

तो शेतकरी सध्या चालतो. डाव्या हाताने जेवतो. उजव्या हातात विळा धरवत नाही, पण बैल सोडणे-बांधणे जमते, असे मागच्या भेटीत त्याने सांगितले. रक्तदाब १३४ होता.